पुलापलीकडचा फलाट

ढुंढिराज गुरुजी म्हणजे दूधविनायक मोहल्ल्याची शान. पिंडदान करावं तर राजा घाटावर, त्यांच्याच हातून, म्हणून दूरदूरची माणसं पत्ता विचारत यायची. रडून बेजार झालेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून ते खणखणीत आवाजात सांगायचे, "काशीत मेला तो सुटला. आता रडायचं नाही." आणि माणूस खरंच थांबायचा! आवाजच तसा होता, अहो.

त्यांची स्वतःची बायको मात्र काशीत गेली नाही. माहेराहून परतताना मोगलसरायच्या फलाटावर, त्यांच्याच मांडीवर तिनं डोळे मिटले. गंगेवरचा एक पूल ओलांडायचा राहिला होता फक्त. "काशी आली का हो?" तिनं विचारलं. गुरुजी म्हणाले, "आली."

गंगेपलीकडे मेलं तर गाढवाचा जन्म, ही आमच्या बनारसची जुनी थट्टा. गुरुजींपुढे ती करायची मग कुणाची छाती झाली नाही. तेरावं उरकल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. लोक पाया पडले. मुलीचं, देवश्रीचं लग्न त्यांनी इथंच लावलं आणि तिला नागपूरला पाठवली ती पाठवलीच; स्वतः कधी तिच्या घरी गेले नाहीत.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात घाटावर एका यजमानानं विचारलं, "गुरुजी, आई वाटेतच गेली हो. काशीला पोचलीच नाही. तिचं काय?" गुरुजींनी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. छातीवर कुणी वरवंटा ठेवावा तसं झालं, दरदरून घाम सुटला. आता आपण मरतो, या भीतीनं त्यांची पाचावर धारण बसली. मग ते रोजचंच होऊन बसलं. डॉक्टर म्हणाले, "दिल एकदम ठीक है, पंडितजी. मन के डॉक्टर को दिखाइए." त्यातच नागपूरहून फोन आला. देवश्रीच्या हृदयाची झडप बदलायची होती, ऑपरेशन येत्या सोमवारी. "बाबा, या ना. मला फार भीती वाटते," एवढंच ती बोलली.

अस्सी घाटाजवळ मृणालिनीबाई मनाचे आजार बघत. गुरुजी त्यांच्याकडे नारळ आणि स्वतःची पत्रिका घेऊन गेले! आता काय म्हणावं. बाईंनी नारळ ठेवून घेतला, पत्रिका उघडलीसुद्धा नाही.

"मी औषध देत नाही, गुरुजी. उपायही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "इथं आपण बोलायचं. मरणाबद्दल, एकटेपणाबद्दल, जगायचं कशासाठी त्याबद्दल. लगेच बरं वाटेल अशी आशा ठेवू नका. सुरुवातीला बहुधा भीती वाढेल."

"वाढेल? मग यायचं कशाला?"

"ती आत्ताही आहेच. एकटेच बघताय तिच्याकडे. दोघं मिळून बघू."

गुरुजी तडकले. "ते राहू द्या हो. व्रत मोडून लेकीकडे जाऊ की नको, तेवढं सांगा. प्रायश्चित्त असेल ते घेईन."

"ते मी सांगणार नाही. ठरवायचं तुम्ही."

जन्मभर दुसऱ्यांना 'हे करा, ते करा' सांगणारा माणूस! त्याला असं मोकळं सोडलं तर तो जाणार कुठं? गुरुजी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

"व्रत कशासाठी घेतलंत?" बाईंनी विचारलं.

"मोक्षासाठी."

बाईंनी पत्रिका त्यांच्यापुढे परत सरकवली.

"भ्यालो होतो," गुरुजी म्हणाले. "काशी आली म्हणून तिला खोटं सांगितलं मी. माझ्या वेळी असं खोटं कुणाला सांगावं लागू नये, म्हणून." आणि तिथंच, खुर्चीत, वरवंटा छातीवर आला. बाई म्हणाल्या, "मी बसलेय इथं. शुक्रवारी परत या." भीती काही गेली नाही. गल्लीतून घरापर्यंत त्यांच्या सोबत आली.

शुक्रवारी गुरुजी बाईंकडे गेलेच नाहीत. दुपारी काशी स्टेशनवर त्यांनी मोगलसरायची पॅसेंजर धरली. नागपूरची गाडी पुढे तिथूनच मिळायची. गाडी पुलावर चढली आणि मेली नेमकी मधोमध थांबली. उजव्या हाताला सगळे घाट उन्हात पांढरेफटक दिसत होते. गुरुजींचा ऊर धपापू लागला, हात गार पडले. इथं मेलो तर? ना धड या काठाला, ना त्या. उतरून रुळांवरून मागं चालत गेलं तर अजून काशी होती. ते उठून दारापर्यंत गेलेसुद्धा.

"क्या हुआ, पंडितजी?" बाकावरच्या एका बाईनं विचारलं. "कहीं गमी हो गई है क्या?"

घरात कुणी गेलं का, असं विचारत होती. तिची तरी काय चूक! गुरुजींना बोलावणं यायचं ते माणूस गेल्यावरच.

"नहीं," गुरुजी म्हणाले. "बिटिया बीमार है. अभी है." आणि परत येऊन बसले. गाडी हलली.

मोगलसरायला ते त्याच फलाटावर उतरले. नळाजवळची ती जागा त्यांना शोधावी लागली नाही. कुणीतरी ट्रंकेवर डोकं टेकून तिथं झोपलं होतं. गुरुजींनी पिशवी खाली ठेवली.

"आली नव्हती गं काशी," ते म्हणाले.

छातीवरचा वरवंटा तसाच होता. पिशवी उचलून ते नागपूरच्या गाडीची चौकशी करायला गेले.