उतारावरची हेल्मेटं

हेल्मेट ही काही किस्से सांगण्यासारखी वस्तू नाही, असं मला आधी वाटायचं. आमच्या शुक्रवारच्या सायकल ग्रुपमध्ये दोन वर्षं काढल्यावर मत बदललं. राइड संपली की आम्ही मस्कतमधल्या अल् घुब्रातल्या पेट्रोल पंपाशेजारी कडक चहा प्यायला थांबतो, आणि चहा येईपर्यंत कुणाच्या तरी डोक्याचा विषय निघतोच. ग्रुपात मी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत कमी बोलणारी. बोलणारे सांगून मोकळे होतात आणि विसरतात. ऐकणाऱ्याकडे मात्र साठत जातं. माझ्याकडे आता बरंच साठलंय.

* * *

सुरुवात अन्वरचाचांपासून करायला हवी. ते रत्नागिरीकडचे, मस्कतला वीस वर्षं बांधकामाच्या साइटवर सेफ्टी बघतात. ग्रुप त्यांनीच सुरू केला. त्यांचा नियम असा की निघण्याआधी प्रत्येकाने हेल्मेट घालायचं, पट्टा उघडाच ठेवायचा, खाली वाकायचं आणि मान जोरात हलवायची. हेल्मेट जागेवर राहिलं तर पास. मग पट्टा लावायचा. कानाखाली दोन्ही पट्ट्या नीट जुळल्या पाहिजेत आणि हनुवटीखाली दोनच बोटं गेली पाहिजेत.

"उतारावर वारा खालून घुसतो," चाचा सांगतात. "सैल हेल्मेट म्हणजे डोसक्यावर पालथी घातलेली टोपली. हवी कशाला?"

एकदा पहाटे आम्ही पाच जण पार्किंगमध्ये ओळीने वाकून माना हलवत होतो. शेजारच्या बिल्डिंगमधले ओमानी आजोबा नमाज पढून परत येत होते. ते थांबले. बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले. मग चाचांना म्हणाले, "अन्वर, तुम इनको क्या पूछा? सब लोग ना बोलता है."

* * *

माझ्या पहिल्या हेल्मेटची खरेदी बाबांनी केली. बाबा एका कंपनीत परचेस डिपार्टमेंटला आहेत, त्यामुळे खरेदीत त्यांना कुणी काही सांगू शकत नाही. आमच्याकडे युनिफॉर्म, बूट, स्वेटर सगळं वाढत्या अंगाचं घेतात. हेल्मेटही तसंच आलं, दोन साइज मोठं. आईने आत नॅपकिनची घडी बसवून दिली.

चाचांनी मला मान हलवायला सांगितली. माझी मान हलली, हेल्मेट होतं तिथेच राहिलं. म्हणजे ते समोरच बघत होतं आणि मी डावीकडे.

"भाऊ," चाचा बाबांना म्हणाले, "पोरीचं डोकं आता अजून किती वाढायचंय?"

"आठवीला आहे ती," बाबा म्हणाले. "वाढेल की."

मी काही बोलले नाही, कारण बोलायला गेले असते तर नॅपकिन डोळ्यांवर आला असता. पुढच्या आठवड्यात कुरुमच्या साध्या उतारावर तो आलाच. मी अंदाजाने ब्रेक दाबला आणि एका खजुराच्या झाडाच्या फूटभर अलीकडे थांबले. त्याच संध्याकाळी चाचा स्वतः बाबांना घेऊन दुकानात गेले आणि टेपने माझं डोकं मोजून घेतलं. चोपन्न सेंटिमीटर. बाबांनी सेल्समनला हळूच विचारलं, "एक साइज वरचं दाखवता का?" चाचांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

जुनं हेल्मेट उन्हाळ्यात नाशिकला माझ्या मामेभावाकडे गेलं. तो कॉलेजात आहे, त्याला व्यवस्थित बसतं.

पण झाडाचा प्रसंग बाबांच्या मनातून गेला नाही. ते म्हणाले, "सायकल चालव, माझं काही म्हणणं नाही. पण आमरातचा घाट नको."

आणि मला नेमका तोच हवा होता. आमरातहून बौशरकडे उतरणारा तो रस्ता आमच्या गच्चीतून दिसतो. काळ्या डोंगरावर कुणीतरी खडूने रेघ ओढावी तसा. ग्रुपमधले सगळे तो उतरले होते, मी सोडून. यंदा माझी दहावी, जानेवारीनंतर बोर्डाच्या अभ्यासामुळे सायकल बंद होणार होती, आणि परीक्षेनंतर उन्हाळा सुरू झाला की इथे उन्हात दार उघडवत नाही. म्हणजे हा एक हिवाळा, नाहीतर नाहीच.

* * *

ग्रुपमध्ये कुलकर्णीकाकू आहेत. त्या आमच्या शाळेत गणित शिकवतात, पण शुक्रवारी काकूच म्हणायचं असं त्यांनीच ठरवून दिलंय. त्यांचा अंबाडा मोठा. हेल्मेट मागून त्यावर टेकायचं आणि पुढून भुवयांवर उतरायचं.

"ताई, अंबाडा सोडायला लागेल," चाचा म्हणाले.

"अंबाडा मी लग्नाच्या आधीपासून घालते," काकू म्हणाल्या. "हेल्मेट आत्ता आलंय. त्याने जुळवून घ्यावं."

त्या दिवशी फ्लायओव्हरचा उतार त्यांनी हनुवटी वर करून, छताचा पंखा बघावा तसा उतरला. खाली आल्यावर मान धरून दहा मिनिटं बसून होत्या. मी घाबरत घाबरत म्हटलं, "काकू, मी खाली मानेजवळ वेणी घालते. दोन घातल्या तर..."

पुढच्या शुक्रवारी काकू दोन वेण्या घालून आल्या. हेल्मेट एकदम फिट. चाचांनी हसू दाबत डोळे मिटून घेतले.

रविवारी, म्हणजे इथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळेत त्यांनी मला फळ्याजवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वेण्यांचं वर्गात कुणाला कळलं, तर सगळ्यांची पुन्हा ट्रिग्नॉमेट्री घेईन."

त्यांनी माझ्यावर उगाच संशय घेतला. मी वर्गात कुठे बोलते?

* * *

विल्सन अंकल वसईचे. एका हॉटेलात शेफ आहेत. ऊन लागू नये म्हणून ते हेल्मेटच्या खाली टोपी घालायचे, तिचा पुढचा भाग बाहेर काढून. घाटात वेग वाढला तसा वारा त्या भागाखाली शिरला. टोपी उडाली, आणि जाताना हेल्मेटला मागे ढकलून गेली. अंकल खाली पोचले तेव्हा हेल्मेट पाठीवर होतं आणि पट्टा गळ्यात.

"टोपी कुठाय?" चाचांनी विचारलं.

"ती?" अंकल घसा चोळत म्हणाले. "पार तिकडे सूर बंदरात पोचली असेल एव्हाना."

* * *

हेच विल्सन अंकल नंतर एकदा राउंडअबाउटवर वाळूत घसरून पडले. कोपर फुटलं, डोकं शाबूत. हेल्मेटला बाजूने बारीकसा ओरखडा, बस. अंकलनी ते घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलं, रविवारी चर्चमध्ये नेलं, फादरकडून आशीर्वाद घेतला आणि पुढच्या शुक्रवारी तेच घालून आले.

चाचांनी ते उलटं करून आतून अंगठ्याने दाबलं. "विल्सन, हे संपलं. एकदा आपटलं की आतला थर दबतो. वरून दिसत नाही. दुसऱ्या वेळेला हे काही कामाचं नाही."

"काय बोलतोस! लकी आहे ते. वाचवलं मला. फादरनी ब्लेस केलंय."

"मग घरी ठेव आणि मेणबत्ती लाव त्याच्यापुढे. डोसक्यावर नवीन घाल."

"आशीर्वादाचं काय?"

"आशीर्वाद तुला दिला की थर्माकोलला?"

अंकल त्या दिवशी आमच्याबरोबर न येता परत घरी गेले. सगळ्यांना वाटलं, रागावले. पण तासाभराने चहाच्या जागी हजर झाले, नवीन हेल्मेट घालून. खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःच पट्टा उघडला आणि खाली वाकून मान हलवून दाखवली. वेटर तीन चहा घेऊन येत होता. तो म्हणाला, "नहीं चाहिए?" आणि परत घेऊन गेला.

* * *

बाबांशी समोरासमोर वाद घालणं मला जमत नाही. म्हणून मी त्यांना अर्ज लिहिला. शनिवारच्या मराठीच्या वर्गात शिकवतात तसा. "माननीय बाबा, विषय: आमरातचा घाट सायकलवरून उतरण्याची परवानगी मिळणेबाबत." खाली मुद्दे लिहिले. हेल्मेटची साइज, पट्ट्याची तपासणी, ब्रेकची नवीन रबरं, पुढे चाचा आणि मागे काकू. सोबत हेल्मेटची पावती जोडली, कारण बाबांना पावती लागते. अर्ज त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवला.

संध्याकाळी त्यावर एक ओळ होती. "विचाराधीन."

तीन आठवडे तो विचाराधीन राहिला. आई म्हणाली, "अहो, पोरीला काय ते एकदा सांगा." बाबा म्हणाले, "प्रोसेस चालू आहे." एका शुक्रवारी ते एकटेच गाडी घेऊन घाट बघून आले. आल्यावर जास्तच गंभीर झाले. मला वाटलं, खलास.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज माझ्या कंपासपेटीत सापडला. "मंजूर. अट: मी गाडीतून मागे येणार."

* * *

अंकलच्या पिकअपमधून सायकली वर नेल्या. थंडी छान होती. चाचांनी माझं हेल्मेट दोनदा तपासलं आणि म्हणाले, "जा गो. ब्रेक धरून ठेवू नको, दाबत सोडत जा. मान खाली, नजर लांब." मग ते पुढे निघाले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे काकू आणि सगळ्यांत शेवटी बाबांची पांढरी गाडी, चारी दिवे उघडझाप करत.

पहिल्या वळणापर्यंत मला भीती वाटली. दुसऱ्या वळणावर बाजूने वारा आला, सायकल किंचित सरकली, आणि मी ती सरळ केली. मी केली. वारा कपाळावर येत होता आणि दोन्ही कानांवरून निघून जात होता. हेल्मेट जागचं हललं नाही. मीटरवर बावन्न दिसलं. खाली बौशरची पांढरी घरं मोठी होत होती. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण काकू नंतर म्हणाल्या की दोन वर्षांत त्यांनी माझा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.

खाली सपाटीवर आम्ही थांबलो. अंकल पिकअप घेऊन आधीच पोचले होते. चाचा हसत होते.

मग बाबांची गाडी आली. ती हळूच रस्त्याच्या कडेला लागली. काचा बंद, एसी चालू. इंजिन बंद झालं, दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. कोरं करकरीत, भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्टा लावलेला.

विल्सन अंकलनी विचारलं, "भाऊ, गाडीला एअरबॅग नाही काय?"

"आहे ना," बाबा म्हणाले. त्यांनी गाडी लॉक केली, एकदा हँडल ओढून खात्री केली. "चला, चहाला कोण कोण आहे?"