समुद्रावरची काटकसर

मी ईटचा मच्छिंद्र. नाव असं, आणि पोहणं म्हणाल तर शून्य. आमच्या गावात बुडण्याइतकं पाणीच कधी नव्हतं, त्यात माझा काय दोष? तरी सत्याऐंशी साली मी भर समुद्रात, सर्वेक्षणाच्या बोटीच्या कठड्याला मिठी मारून उलट्या करत होतो. उस्मानाबादला प्राणिशास्त्र शिकलेला आमच्या घरातला पहिला पदवीधर तो हाच.

काम सोपं होतं. तेलाची विहीर खणण्याआधी तिथं समुद्राच्या तळाशी काय काय जगतं ते बघून ठेवायचं, म्हणजे खणल्यावर काय मेलं ते कळतं. तळाचा गाळ वर आला की मी तो चाळणीत घेऊन समुद्राच्या पाण्यानं धुवायचो आणि चाळणीत उरलेले किडे बाटलीत भरायचो. आमचे साहेब महांतप्पा उमरग्याकडचे. त्यांच्या शब्दावर मला घेतलं होतं. ही फेरी नीट पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर गावी परत. आणि गावात मी आधीच सांगून ठेवलं होतं, की माझ्यावाचून तिकडं तेल निघत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाटल्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. किनाऱ्याजवळचे किडे खोल समुद्राच्या बाटलीतही निघाले होते.

"मच्छिंद्र, गाळ कशानं धुतलास?"

मी अभिमानानं बादली पुढं केली. "हिच्यातल्याच पाण्यानं, साहेब. चाळणीखाली धरली की परत भरती. कालपासून एकच बादली पुरवलीया."

साहेबांनी बादलीकडं बघितलं, मग चहूकडच्या समुद्राकडं.

"आरं, हे एवढं पाणी काय वर्गणी काढून आणलंय व्हय?"

मला खरंच सुचलं नव्हतं. आमच्या घरी आंघोळीचं पाणी धुण्याला आणि धुण्याचं सारवणाला. पाणी ओतून द्यायचं असतं, हे मला कोण शिकवणार?

"समदं पुन्यांदा करायचं," साहेब म्हणाले. "जुन्या पाण्यातनं इकडचे किडे तिकडं जात्यात. दर बारीला बादली रिकामी. न्हाय जमलं, तर घरला जा."

पहिली बादली ओतताना मी डोळे मिटून घेतले. समुद्राला काही फरक पडला नाही. पण हळूहळू हात सरावला. फेरी संपेपर्यंत मी बोलता बोलता एका झटक्यात बादली भिरकावू लागलो, वर थोडी ऐटही आली. नोकरी पक्की झाली.

ताठ मानेनं सुट्टीला ईटला आलो. उन्हाळा होता, विहिरी आटलेल्या. माझी आई कडूबाई टँकरपाशी भांडून पाणी घेऊन आली होती. त्यातलं तिनं बादलीत ओतून माझ्यापुढं ठेवलं.

"पाय धू, लेकरा. लांबून आलास."

मी पायांवर तांब्याभर पाणी घेतलं आणि तिला बोटीच्या गोष्टी सांगू लागलो. आई कौतुकानं ऐकत होती. साहेब मला किती मानतात ते सांगता सांगता मी बादली उचलली आणि एका झटक्यात अंगणात रिकामी केली.

मातीनं ते पाणी तिथल्या तिथं पिऊन टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, चुकलं. तो हंडा दे, म्या आणतो पाणी."

आईनं हंडा कमरेवर घेतला.

"नगं. तू बस. तू सांडशील."