गुड, फुल्ली गुड, फाइन

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि कचेरीत शिरायचं तर इंग्रजी लागायचं. म्हणून वडिलांनी मला डोणगावहून मेहकरला आत्याकडे शिकायला ठेवलं. आत्या विधवा होती. घरामागच्या तुकड्यात भाजीपाला काढायची आणि बाजारात विकायची. शाळा तिने बाहेरूनच पाहिली होती.

इंग्रजीचे मास्तर पुण्याकडचे. त्यांची मराठी ऐकली की आम्हाला आपली बोली तोंडात लपवावीशी वाटायची. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर टॉल, टॉलर, टॉलेस्ट लिहिलं आणि विचारलं, "आता गुडचं सांगा."

पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "गुडर, गुडेस्ट." मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे बोट केलं.

मला मात्र उत्तर येत होतं. वडिलांच्या गाडीवर बसून मी खामगावच्या कापूसबाजारात गेलो होतो. तिथला पारख करणारा माणूस रुईचा पुंजका बोटांनी ओढून तंतू उजेडात धरायचा आणि प्रतीचा इंग्रजी शब्द बोलायचा. त्या शब्दावर भाव ठरायचा, म्हणून ते शब्द वडिलांना पाठ होते आणि त्यांच्यामुळे मलाही. मी छाती काढून सांगितलं, "गुड, फुल्ली गुड, फाइन!"

मास्तरांना हसू आवरलं नाही. मग सगळा वर्ग खिदळला. शाळा सुटेपर्यंत माझं नाव 'फुल्ली गुड' पडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाटी-पुस्तक घेऊन निघायचो आणि बालाजीच्या देवळामागे बसून राहायचो. एकदा बाजारातून परतताना आत्याने मला तिथे पाहिलं.

"काऊन बे, शाळा नाई आज?"

मी रडतच सगळं सांगितलं. "मले नाई येत इंग्रजी. मी गावी जातो."

तिने ऐकून घेतलं. डोक्यावरची टोपली तशीच ठेवून म्हणाली, "चाल, मास्तरच्या घरी जाऊ."

मास्तर एका खोलीत एकटे राहायचे. आत्याने टोपली ओसरीवर उतरवली आणि पदर सावरून सरळ विचारलं, "मास्तर, मले इंग्रजीतलं काई समजत नाई. पन माह्या पोराचं काय चुकलं, ते मले सांगा. सगळे पोट्टे हासून राह्यले त्याले."

मास्तर उठून उभे राहिले. तिला बसायला पाट दिला. मला वाटलं, आता मार बसणार. पण ते शब्द कुठले ते त्यांनी मला विचारलं, कापसाचं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, "बाई, आधी मीच हसलो. ते माझं चुकलं. हा बोलला ते बाजारात अगदी बरोबर आहे. पुस्तकात मात्र गुड, बेटर, बेस्ट."

"हे बेटर मधातच कुठून आलं?" आत्याने विचारलं. माझ्याही मनात तेच होतं.

मास्तर आत्याकडे वळले. मग म्हणाले, "बाई, आज तो बाजारात जातो. आणि काल?"

"काल गेला."

"जातो, तर मग 'जाला' का नाही?"

आत्या हसायला लागली. "जाला कोन म्हन्ते? लहान लेकरू म्हन्ते."

"तसंच आहे. इंग्रजांच्या घरातलं लहान लेकरूही गुडर म्हणत असणार. ऐकून ऐकून मग बेटर म्हणायला शिकतं."

साहेबाचं पोरसुद्धा चुकत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. केवढं हलकं वाटलं! इंग्रजीची भीती माझ्यापुरती त्या ओसरीवरच संपली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गाला आधी 'जाला' ऐकवला. पोरं हसली. मग त्यांनी मला फळ्यापाशी बोलावून दोन ओळी लिहायला लावल्या, वर खामगावची, खाली पुस्तकातली. "परीक्षेत खालची लिहायची," ते म्हणाले, "आणि कापूस विकायला गेलात तर याला सोबत न्या." टोपणनाव काही सुटलं नाही, पण त्यानंतर कुणी त्या नावाने हाक मारली तर मी ओ द्यायचो.

बॅड, वर्स, वर्स्ट मी वाफ्यांना पाणी देताना पाठ केलं. लिटल, लेस, लीस्टला आत्याही माझ्या मागून म्हणायची आणि जीभ अडखळली की स्वतःवरच हसायची. पुढे मी बुलढाण्याला शिकलो, कचेरीत लागलो, साहेबांचे इंग्रजी मसुदे लिहिले. लोक म्हणायचे, याचं इंग्रजी पक्कं आहे. मला दर वेळी ती दोघं आठवायची. हसलो ते चुकलं, असं एका भाजीवाल्या बाईसमोर म्हणणारे मास्तर मला मिळाले. आणि जिला एक अक्षर येत नव्हतं, ती माझ्यासाठी त्यांच्या दारी गेली. याहून जास्त काय हवं होतं?

त्याच वर्षाच्या शेवटी मास्तरांची बदली झाली. आत्या आणि मी त्यांना देऊळगाव राजाच्या मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. आत्याने ओटीतली वांगी काढून त्यांच्या पिशवीत भरली.

"अहो बाई, मी एकटा. एवढी कशाला?"

"देऊळगाव राजापर्यंत कोनी तरी भेटंल, त्याले द्या."

मी वाकून पाया पडलो. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोटारीत चढले. मोटार दिसेनाशी होईपर्यंत आत्या जागची हलली नाही.