मस्टरवरचा अंगठा

"थांबा साहेब, हात कोरडा हुंदे."

असं म्हणून ती पदराला एकेक बोट पुसायची आणि मगच माझ्या हजेरीच्या मस्टरवर सही करायची. भोसरीच्या आमच्या सरकारी कारखान्यात ती बाटल्या धुवायची, मी टाइमकीपर. मागे रांग खोळंबलेली, पण बाईंना घाई म्हणून ठाऊक नाही! आमच्याकडे परमनंट माणूस सही करी, टेंपररी अंगठा देई. बारा वर्षं अंगठा दिल्यावर तिला ती सही मिळाली होती. नावाची तीन अक्षरं ती अशी काढायची की मला घड्याळाकडे बघायची लाज वाटे.

मग दिल्लीहून काटकसरीचा हुकूम आला: सगळ्या टेंपररी बायका कमी करा. युनियननं संप पुकारला. आता तुम्हीच सांगा, परमनंट बाईला काय पडलं होतं? पण सगळ्यांच्या आधी ती त्या बायकांना घेऊन गेटबाहेर बसली.

नवव्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला मस्टर घेऊन गेटवर उभं केलं. नाव पुकारल्यावर जो आत येईल तो परमनंट राहील. येणार नाही त्याची जुनी नोकरी पुसली, पुन्हा टेंपररी. भलेभले मान खाली घालून आत आले. मग तिचं नाव आलं.

"हजर हाय," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "पर भाईर हाय."

"गैरहजर लावा," साहेब खेकसले. माझा हात उचलेना. शेवटी तीच म्हणाली,

"लिवा साहेब. तुमास्नी बी लेकरंबाळं हायती."

मी लिहिलं. इतका भित्रा मी.

तिच्यानंतर पुकारलेल्यांपैकी एकही माणूस आत आला नाही. पुढच्या आठवड्यात हुकूम मागे घेतला गेला, टेंपररी बायका कामावर परतल्या. बाहेर राहिलेल्या बाकीच्या परमनंटांना माफी मिळाली. तिला मात्र पुढारी म्हणून टेंपररीच ठेवलं.

पहिल्या दिवशी ती अंगठ्याच्या रांगेत आली. मी पेन पुढे केलं. "मावशी, सहीच करा. साहेबांचं मी बघून घेईन."

"नगं. हितं समद्या आंगठा देत्यात."

तिनं एकेक बोट पुसलं आणि अंगठा टेकवला.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते मस्टर रद्दीत निघालं तेव्हा त्यातलं एक पान मी घरी आणलं. बाटल्या धुवायच्या सोड्याच्या पाण्यानं तिच्या अंगठ्याच्या रेघा कधीच झिजल्या होत्या. त्यामुळे सगळ्या ठशांत तिचा लगेच सापडतो, एकही रेघ नसलेला, नुसता निळा. कधीमधी त्यावर बोट ठेवावंसं वाटतं. तेव्हा मी आधी हात पुसतो.