फितीचं दुसरं टोक

माझी बायको सत्तेचाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आणि हे न कळताच गेली. मुलांनाही ठाऊक नाही. देवासच्या आमच्या गल्लीत मला सगळे इंजिनियर काका म्हणतात, वाकून नमस्कार करतात — आणि दर वेळी मला शिसारी येते. त्यांची नव्हे, माझी. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

आधी एक लहान गोष्ट सांगतो. मला उंचीची भीती वाटते. नुसती भीती नाही — कड्याच्या टोकाशी गेलो की खालीच बसतो, हाताला लागेल ते धरून ठेवतो. अशा माणसाने रस्त्यांच्या मोजणीची नोकरी धरावी का? पण आमचे आजोबा संस्थानात कारभारी, वडील कचेरीत. सरकारी नोकरी मिळतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? धार जिल्ह्यात नेमणूक झाली. सपाटीवर माझं काम उत्तम होतं. कोणाला कळलं नाही.

मग एकाहत्तरची लढाई तोंडावर आली. हमरस्त्यावरचा घाट बॉम्बने तुटलाच, तर फौजेच्या गाड्या खाली निमाडात कुठून उतरवायच्या? म्हणून जुने घाटरस्ते मोजायचा हुकूम आला. प्रत्येक वळणावर रुंदी किती, मोठी लॉरी वळेल की नाही, ते लिहून द्यायचं. बरोबर मोजणीचे खलाशी, म्हणजे मदतनीस, होते नामदेव. फीत ओढायची, खुंट्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. धारचेच, मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेल्या घरातले. माझ्या वडिलांच्या वयाचे होते, आणि मी त्यांना 'नामदेव, इकडे ये' म्हणायचो. हेही आज आठवलं की तोंड कडू होतं.

त्या घाटातलं एक वळण — मी ते आजही सगळं बघू शकतो. एका बाजूला खडक, त्याच्या पायथ्याशी पाल्याने भरलेली नाली, आणि दुसऱ्या बाजूला कमरेएवढं वाळलेलं गवत. गवताच्या पलीकडे काही नाही. नामदेव फितीचं एक टोक घेऊन खडकाच्या बाजूला बसले. दुसरं टोक घेऊन कडेपर्यंत मला जायचं होतं. मी गेलो नाही. चार-पाच पावलं अलीकडेच थांबलो. ते म्हणाले, "साहेब, फीत ढिली लागतेय. कडेपर्यंत गेलात ना?" मी म्हटलं, गेलोय, तू नीट धर. मग उरलेलं अंतर डोळ्यांनी अंदाजलं, मोजलेल्यात मिळवलं आणि वहीत आकडा लिहिला. गवताखाली जमीन कुठवर आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. पाच पावलं — ती टाकायला काय लागलं असतं? रांगत गेलो असतो तरी चाललं असतं. नामदेव हसले नसते.

आठवड्याभराने फौजेच्या रिकाम्या गाड्या चाचणीसाठी उतरल्या. दुसऱ्या गाडीचं मागचं चाक त्या वळणावर गवतातून खाली गेलं. तिथे रस्ता नव्हताच. गाडी दरीत कोसळली. चालक मेला. त्याचं नाव चौकशीत वाचून दाखवलं होतं. ते मी विसरलो. मुद्दाम विसरलो की सहज, हे मलाही सांगता येत नाही, आणि दोन्हींची सारखीच किळस येते.

धारच्या कचेरीत चौकशी झाली. पुन्हा मोजल्यावर रुंदी माझ्या आकड्यापेक्षा साडेतीन फूट कमी निघाली होती. नामदेव दाराशी हात जोडून उभे होते. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला हिंदीत विचारलं, माप किसने लिया? मी म्हणालो, "फीत इसने पकड़ी थी, साब. शायद नाली के उस पार पकड़ ली."

शायद. त्या एका शब्दाचा मला अजून वास येतो. नालीच्या पलीकडे धरली तर नालीची रुंदीही रस्त्यात मोजली जाते — किती चपखल खोटं सुचलं मला. वाटेत, बसमध्येच सुचलं होतं. राजगढहून धारला येणाऱ्या त्या बसमध्ये मी ते मनातल्या मनात चार वेळा म्हणून पाहिलं होतं. नामदेवांना विचारलं, तेव्हा ते गोंधळून पाल्याबद्दल काहीतरी बोलले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांची नोकरी गेली. मला ताकीदही मिळाली नाही. पुढे मी बढत्या घेतल्या, घर बांधलं. आणि सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावलं की लढाईच्या वेळी घाट कसे मोजले, हे पोरांना रंगवून सांगत आलो.

मला इतकी वर्षं वाटायचं, नामदेवांना खरं ठाऊक आहे, ते मला मनात शिव्या देत असतील. त्यात एक प्रकारचा दिलासा होता.

गेल्या वर्षी नातलगांच्या लग्नाला सोनकच्छला गेलो होतो. तिथे साठीची एक बाई पुढे आली. म्हणाली, मी नामदेवांची शोभा. नोकरी गेल्यावर ते सगळे सोनकच्छला आले, नामदेवांनी मंडीत पोती उचलली, तिथेच वारले. मी खाली बघत ऐकत होतो, आता ही बोलेल म्हणून. ती म्हणाली, "काका, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्याच हातून नालीपार धरली गेली असेल, पाला होता ना. एक आदमी माझ्यामुळे गेला. साहेबांनाही खाली बघावं लागलं. जेवताना मध्येच उठून जायचे हो."

म्हणजे त्यांनी माझं खोटं खरं मानलं होतं. त्या माणसाचा जीव आपण घेतला, असं समजून जगले — आणि तसेच मेले.

मांडवात माणसं होती, पंगत बसत होती. शोभा माझ्यासमोर उभी होती. तेव्हा तरी मी सांगू शकलो असतो, नाही का? ऐंशीला टेकलेल्या माणसाची कोणती नोकरी जाणार होती?

मी तिला म्हणालो, "अगं, होतं असं माणसाच्या हातून. मी तर त्यांना केव्हाच माफ केलं."

तिचे डोळे भरून आले. ती वाकली, माझ्या दोन्ही पायांवर डोकं टेकलं. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि मग जेवायला बसलो.