वेताळाचं अस्तर

बिबवेवाडीच्या उल्काताईंचा हात गणपती रंगवण्यात मुरलेला. कारखाना बंद पडला, तेव्हा त्या पटावरच्या खेळातले बोटाएवढे राक्षस रंगवायला लागल्या. पहिल्या वेताळाला त्यांनी गणपतीच्या सवयीने पांढरं अस्तर दिलं आणि वर हिरवा रंग चढवला. वेताळ असा प्रसन्न उजळला, की बघणाऱ्याने हात जोडावेत.

"याला कोण घाबरणार, आई? नैवेद्य दाखवू का?" मुलगी हेमा म्हणाली.

"नैवेद्याचं नंतर बघू. आधी स्पिरिट दे."

उल्काताईंनी सगळा रंग उतरवला आणि या वेळी काळं अस्तर दिलं. हिरवा रंग उंचवट्यांवरून नुसता फिरवला, खाचांमधला काळोख तसाच राहू दिला. शेवटी डोळे आखले.

हेमाने वेताळ कपाटावर वाळत ठेवला आणि जाता जाता त्याचं तोंड भिंतीकडे केलं.