टाकीवरचा शेंदूर

आमच्या पुढच्या खोलीत माणसं बसत नाहीत, मोटरसायकल बसते. पाहुणा आला की मी त्याला अंगणातून वळसा घालून मागच्या दारानं आत घेते आणि स्वयंपाकघरात पाटावर बसवून चहा देते. लोकांना वाटतं, बाई फार साधी आहे. साधी कसली, डोंबल! पुढचं दार उघडायची मला परवानगी नाही.

गाडी माझ्या नवऱ्याची. तो वालीवला एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि आम्ही राहतो आगाशीच्या बाजूला, वाडीतल्या बैठ्या घरात. शर्यतीच्या गाड्यांचं वेड त्याला लग्नाच्या आधीपासूनचं. कंपनीनं मोजक्याच काढलेल्या गाड्यांतली एक ह्याला मिळाली, तेव्हा गडी चक्क रडला होता. कशी मिळवली ते विचारू नका, तो विषय मी देवावर सोडलाय. गाडी आली त्या दिवशी मी खुळी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. वाटलं, आता हा मला मागे बसवून अर्नाळ्याला समुद्रावर नेणार. जवळ आली तर कळलं, हिला मागची सीटच नाही! आणि ह्यानं पायरीवर फळी टाकून ती सरळ आत घेतली. "ताट बाजूला कर, रंगाला काही लागायला नको," म्हणाला. शोरूमपासून घरापर्यंत धावली तेवढीच ती धावली.

मग रोज रात्री जेवताना शिकवणी. संग्रहाची गाडी कशाला म्हणतात? नुसती महाग असून चालत नाही. थोड्याच निघालेल्या हव्यात आणि हँडलवर ती त्यातली कितवी तो क्रमांक कोरलेला हवा. इंजिन, चासी, टाकी, स्टिकर, सगळं कारखान्यातून आलं तेच हवं. हत्यारांच्या पिशवीचं सील शाबूत हवं, मीटरवरचं प्लास्टिकसुद्धा सोलायचं नाही. आणि सगळ्यात वरचं म्हणजे गाडीमागे गोष्ट हवी, जी दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. मी म्हटलं, "गोष्ट घडायला गाडी बाहेर न्यावी लागते ना?" त्यावर हा भाकरी मोडत राहिला.

हेही सोसलं असतं हो. पण गाडीपायी माझी पश्चिमेची खिडकी गेली. आमच्याकडे दुपार कलली की समुद्राकडून वारा सुटतो, आणि तो खारा असतो. त्यानं साखळी गंजते, नटबोल्ट पांढरे पडतात. म्हणून ह्यानं खिडकीच्या फटींना टेप लावली, दमट हवा शोषायला कोपऱ्यात कोळशाची पोती ठेवली आणि घराला पेटीसारखं झाकण घातलं. त्याच खिडकीखाली सासूबाईंची खुर्ची असायची. तांदूळ निवडत, वाऱ्यावर बसून, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारत त्यांची संध्याकाळ जायची. त्यांची खुर्ची मागच्या खोलीत गेली. तिथे समोर फक्त न्हाणीघराची भिंत. माझा तर दुपारी जीव घुसमटायचा, उठून पळावंसं वाटायचं. भांडले, अबोला धरला, माहेरी जाऊन राहिले. परत आले तर टेपचा आणखी एक थर! नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

सासूबाई मात्र भांडल्या नाहीत. त्यांचं माहेर खाडीकाठचं, भातशेतीचं. त्यांना एकच गोष्ट खुपत होती. "आनल्यापासून हिला हळद नाय, कुंकू नाय," त्या म्हणायच्या, "म्हनून ती जागची हलत नाय. आन् आपन पन."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या सकाळी नवरा कारखान्यात गेला. तिथं प्रत्येक यंत्राला हा स्वतःच्या हातानं गंध लावतो, झेंडू वाहतो, नारळ फोडतो. घरच्या गाडीला तेवढं नको! इकडे सासूबाईंनी कोयता, विळा, कुदळ, माझी विळीसुद्धा पुजली. मी वडे तळत होते. तळण संपवून बाहेर आले तर पुढच्या खोलीचं दार उघडं. सासूबाई गाडीपाशी वाकून उभ्या. माहेरी नांगराला लावत, तसा शेंदूर त्यांनी खोबरेल तेलात कालवून टाकीवर स्वस्तिक काढलं होतं. वाकताना तोल जाऊ नये म्हणून दुसरा हात टाकीवर टेकलेला, त्याचा अख्खा पंजा तेलासकट उमटला होता. चेहऱ्यावर अशी शांती की मला ओरडताही येईना.

"आता चालेल बघ ती," म्हणाल्या.

दुपारी नवरा आला. शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. टाकी बघितली आणि तिच्यापाशी उकिडवा बसून डाग निरखू लागला. तो रंग म्हणे बिनचमकेचा, मॅट. त्यात तेल मुरलं की निघत नाही, आणि जोरात घासावं तर तेवढीच जागा चकाकते. म्हणजे डाग ठेवला तरी मेलं, काढला तरी मेलं. मऊ फडक्यानं पुसून झालं, फोनवर दहा जणांना विचारून झालं. नारिंगी पंजा पुसट झाला, पण गेला नाही.

"काय झाला रे?" सासूबाईंनी विचारलं. "शेंदूर तर लावला."

"आई, तू माझी गाडी मारलीस," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. त्यानंतर सासूबाई पुढच्या खोलीत गेल्या नाहीत. न्हाणीच्या भिंतीकडे बघत बसायच्या. मी त्याला नाही नाही ते बोलले. मला वाटलं होतं, आता गाडीचं सोवळं सुटलंच आहे, तर खिडकी तरी उघडेल. कसलं काय! उलट हा तिच्यावर चादर टाकून मोकळा झाला.

मार्गशीर्षात सासूबाई झोपेतच गेल्या. त्यांना ठेवायला पुढची खोली हवी होती, म्हणून गाडी पहिल्यांदा बाहेर, ओटीवर निघाली. टेप मी ओरबाडून काढली. खिडकी उघडली तेव्हा वारा आत आला आणि त्यांच्या कपाळावरचे केस हलले. जिवंतपणी इतकं केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले.

बारावं-तेरावं उरकलं, गाडी परत आत आली, पण खिडकी मी उघडीच ठेवली. त्यानंही ती लावली नाही. मग एक दिवस पुण्याहून एक संग्राहक गाडी बघायला आला. बॅटरी मारून सगळं तपासलं, क्रमांक जुळवले, खूश झाला. टाकीवर मात्र थबकला. "कंपनीकडून नवीन टाकी मागवा, कंपनीचीच असली की चालते," म्हणाला. "ही काढून टाका, मग बघा कशी मागणी येते. कसला डाग आहे हा?"

माझा जीव कानात गोळा झाला. विक रे बाबा, मनात म्हणत होते, घेऊन जाऊ दे ही बला, माझं घर मला दे.

"डाग नाही," नवरा म्हणाला. "आईनं पूजा केलीय."

माणूस चहा न घेताच गेला. नवरा गाडीपाशी उभा राहिला आणि त्या पुसट पंजावर, हात न लावता, वरच्यावर आपला पंजा धरून बघत राहिला. सासूबाईंची बोटं त्याच्यापेक्षा आखूड होती. मी बघितलं आणि माझी खात्रीच पटली, की ही गाडी आता ह्या घरातून कधीच जाणार नाही. मलाही तिला घालवता येणार नाही.

दुपार कलली. समुद्राकडून तोच खारा वारा सुटला, पडदा हलला. मीच उठले, खिडकी लावून घेतली आणि टेप कुठे ठेवलीय ते त्याला विचारलं.